ऑस्करच्या अंगावर पांढरा कापूस दिसला तर काय करायचं

ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, पॅरट असल्या सिक्लिड माशाच्या अंगावर कापसागत पांढरं काहीतरी दिसलं की बरेच जण पळत जाऊन मेथिलीन ब्लू हे निळं औषध आणतात आणि सगळ्या टँकमध्ये ओततात. तसं करू नका. त्यानं फिल्टरमधले चांगले बॅक्टेरिया मरतात, अमोनिया वाढतो आणि बरे मासे पण आजारी पडतात, वर काचेच्या जोडातलं सिलिकॉन निळं होतं ते वेगळंच.

आधी मोबाईलचा टॉर्च बाजूनं मारून नीट बघा. फंगस, म्हणजे बुरशी असली तर बारीक तंतू पाण्याबरोबर हलताना दिसतात, नंतर घाण अडकून हिरवट-तपकिरी पण होतात. मिठाच्या दाण्याएवढे सुटे ठिपके असतील तर तो इच, म्हणजे बारीक परजीवीचा रोग. आणि तोंडाच्या कडेला किंवा पाठीवर चपटा, करडा-पिवळट थर असेल, फिन्स झडत असतील, तर तो बहुतेक कॉलमनॅरिस, म्हणजे बॅक्टेरियाचा रोग. तो लई भराभर पसरतो आणि गरम पाण्यात अजून जोरात, त्यामुळं तिथं हीटर वाढवू नका, माशांचं कळणाऱ्या व्हेटला लगेच फोटो दाखवा.

फंगस मात्र शक्यतो आपणहून चांगल्या माशाला धरत नाही. त्याचे बीजाणू पाण्यात कायम असतातच, अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला गेला की तिथं ते रुजतात. म्हणून जखम कशानं झाली ते शोधा, भांडण, टोकदार दगड, का खराब पाणी. आपल्या कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीत रात्री पाणी गार पडतं तेव्हा पण मासा कमजोर होतो. रंकाळा तलावातनं धरून आणलेले बारके मासे खायला घालत असाल तर ते बंद करा, त्यातनं काय काय रोग येतात सांगता येत नाही.

आता फंगसचा उपचार. मासा वेगळा काढा. सहा-सात इंची ऑस्करला ६० लिटरचा साधा टब चालतो, त्यात बुडबुडे सोडणारा एअरस्टोन, हीटर २६-२७ डिग्रीला (प्लास्टिकला टेकवायचा नाही, पाणी काढताना आधी बटण बंद), आणि वर जाळी घालाच, ऑस्कर उडी मारतो. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन घालवणारं अँटीक्लोरिन घालून मगच घ्या.

मीठ लिटरला ३ ग्रॅम, म्हणजे ६० लिटरला १८० ग्रॅम. साधं जाडं मीठ चालतं पण चमच्यानं मोजू नका, खड्याचा आणि बारीक मिठाचा चमचा सारखा भरत नाही, किचनच्या काट्यावर वजन करा. ६०-६० ग्रॅम तीन वेळा, दिवसभरात, मगात विरघळवून हळूहळू सोडायचं. रोज २० लिटर पाणी बदला आणि नव्या २० लिटरला ६० ग्रॅमच मीठ घाला, इथंच लोक चुकतात, परत १८० टाकतात आणि मीठ वाढत जातं.

जखम मोठी असेल तर सोबत मेथिलीन ब्लू, पण टबातच आणि बाटलीवर लिहिलाय तेवढाच डोस, फिल्टर लावला असेल तर त्यातला कार्बन काढून, नाहीतर तो औषधच शोषून घेतो. कापूस चिमट्यानं ओढून काढू नका, खालचं मांस उघडं पडतं. पहिला दिवस खाणं नको, मग थोडं थोडं, उरलेलं लगेच काढा.

मेन टँकला मीठ नको, काच चाटणाऱ्या प्लेको माशाला आणि झाडांना ते सोसत नाही. तिथं नुसतं २५-३० टक्के पाणी बदला आणि तळातली घाण सायफननं ओढा. पावसाळ्यात पंचगंगा नदी गढूळ झाली की नळाला पण तसलंच पाणी येतं, तेव्हा बादलीत निवळून घ्या.

कापूस गेला म्हणून लगेच परत सोडू नका, कातडी भरून येऊ दे. मग दोन-तीन दिवस बिनमिठाचं पाणी घालत मीठ उतरवा. आणि भांडणानं जखम झाली असेल तर मधी पार्टिशन टाकल्याशिवाय त्याच टँकमध्ये सोडूच नका.