जुन्या स्कोपवर सिग्नल येतो-जातो? झाकण उघडायच्या आधी बीएनसी बघा

जुना ॲनालॉग स्कोप (ऑसिलोस्कोप, सिग्नलची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र) किंवा सिग्नल जनरेटर हाती आला की लोकं लगेच झाकण काढून कपॅसिटर बदलायला बसतात, आणि बिघाड निघतो पुढच्या पॅनलवरच्या बीएनसीत (केबल फिरवून लॉक करायचा गोल कनेक्टर) नाहीतर केबलमधे. म्हणून स्क्रूड्रायव्हर जरा बाजूला ठेवा.

आधी खात्रीची केबल लावून बघा, मग संशय असलेली केबल दुसऱ्या चॅनलला. बिघाड केबलबरोबर गेला तर केबल, चॅनलवरच राहिला तर सॉकेट. स्क्वेअर वेव्हच्या कडांना नुसत्या लहरी दिसत असतील तर कनेक्टरला दोष देऊ नका, स्कोपचा इनपुट १ मेगाओहमचा असतो, तिथे ५० ओहमचा फीडथ्रू टर्मिनेटर (केबल आणि सॉकेटच्या मधे बसणारा, आत ५० ओहमचा रेझिस्टर असलेला जोड) लावा, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं.

केबल तपासताना एका टोकाला ५० ओहमचा टर्मिनेटर, दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर. ५० च्या आसपास आकडा आला की कनेक्टरच्या मानेपाशी केबल हळूच वाकवा, आकडा उड्या मारायला लागला की जागा सापडली. एकदम ओपन (म्हणजे वायर तुटलेली) दाखवत असेल तर टर्मिनेटर काढून दोन्ही टोकांनी कपॅसिटन्स मोजा. आरजी-५८ ला (ही नेहमीची ५० ओहमची केबल) मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड येतात, म्हणजे २ मीटरच्या केबलला एकीकडून १९० आणि दुसरीकडून १० आले तर तुटलंय त्या १० वाल्या टोकाशी, तेवढंच कापून नवा कनेक्टर लावा, अख्खी केबल फेकू नका हो!

सॉकेटचं दुखणं वेगळं. माझ्या स्कोपचा नट सैल झालेला, केबल फिरवून लॉक केली की आख्खं सॉकेट फिरायचं आणि आतली वायर पिळली जायची. भिंगातून बघितलं तर सोल्डरभोवती केसाएवढी गोल रेघ. वायर नुसती टेकून होती, म्हणून कधी चालायचं, कधी नाही. जुनं सोल्डर विकने (सोल्डर शोषणारी तांब्याची वेणी) ओढून, फ्लक्स लावून नव्याने केलं, मग आतून सॉकेट धरून नट घट्ट केला. आत हात घालायच्या आधी प्लग काढा आणि सीआरटीच्या (पिक्चर ट्यूबच्या) हाय व्होल्टेजच्या भागापासून लांबच राहा, सेट बंद केल्यावरही तिथे चार्ज राहतो.

मळ असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बारीक ब्रश. सँडपेपर अजिबात नको, वरचं प्लेटिंग जातं. आणि एन-टाइप (आट्यांचा, बीएनसीपेक्षा मोठा कनेक्टर) असेल तर ५० ओहमचा मेल ७५ च्या फीमेलमधे कधीच घुसवू नका, ५० वाल्याची पिन जाड असते, समोरचा काँटॅक्ट फाकतो, मग ७५ वाली बारीक पिन लावली की ती सैलच बसते.