कर्जाच्या कागदातला ‘चार्ज’ नीट वाचा

तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षबागायतदारांनी बँकेच्या इंग्रजी पत्रातला प्रत्येक ‘चार्ज’ म्हणजे शुल्कच, असे धरून चालू नये. रुपयांच्या आकड्याशेजारचा चार्ज बहुधा आकारणीचा असतो आणि सहीखालचा ‘इन-चार्ज’ म्हणजे केवळ कारभार पाहणारा अधिकारी. परंतु ‘चार्ज ऑन’ किंवा ‘चार्ज ओव्हर’ यापुढे गट नंबर आला असेल, तर तो जमिनीवरचा बोजा, म्हणजे कर्जापोटी जमिनीवर चढलेला हक्क होय, ज्याची तरतूद १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०० मध्येही आहे. खरे लक्ष इथेच हवे, कारण कर्ज फिटले तरी सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात हा बोजा पुष्कळदा तसाच राहतो. बेबाकी दाखला, म्हणजे कर्ज पूर्ण फिटल्याचे बँकेचे पत्र, जोडून तलाठ्याकडे अर्ज करावा आणि फेरफार (नोंदीतला बदल) मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून पाहावा.