जुन्या मीटरची मेमरी बॅटरी बदलताना आधी अर्थिंग बघा

वाळूज, चिकलठाण्याच्या कंपन्यांत मेंटेनन्सला नव्यानं लागलेली मुलं विचारतात, एचपी ३४७८ए सारख्या जुन्या मल्टिमीटरची बॅटरी बदलायला एवढं घाबरायचं कशाला, सोल्डरिंग तर येतं. येतंच. पण त्या ३ व्होल्टच्या लिथियम सेलवर मीटरच्या कॅलिब्रेशनचे, म्हणजे रीडिंग अचूक यावं म्हणून साठवलेले दुरुस्तीचे, आकडे टिकून असतात. २५६ पत्त्यांची छोटीशी रॅम, प्रत्येक पत्त्यावर चार बिट. पुरवठा तुटला की आकडे गेले. मीटर सुरू होतं, पण त्याचं रीडिंग कशाला धरायचं? पुन्हा कॅलिब्रेशन करून घ्यायचा खर्च बहुतेक वेळा जुन्या मीटरच्या किमतीला जाऊन भिडतो.

मला शिकवणाऱ्यांनी सांगितलं होतं की मीटर चालू ठेव, रॅमला आतून ५ व्होल्ट मिळत राहतात, तेवढ्यात सेल बदल. बरेच व्हिडिओही हेच दाखवतात. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी लाईट कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळे ही पद्धत मी कुणालाच सांगत नाही. आणि ‘असंच करतात’ एवढंच सांगणाऱ्या गुरूला कारण विचाराच. रागावला तरी विचारा.

बरोबर पद्धत म्हणजे बाहेरून तात्पुरते सेल लावणं. दोन नवे पेन्सिल सेल सिरीजमध्ये, मध्ये १ के (१००० ओहम) रेझिस्टन्स, जुन्या बॅटरीच्या प्लसला प्लस, मायनसला मायनस. रॅमला मायक्रोअँपिअरमध्ये करंट लागतो, त्यामुळे रेझिस्टन्सवर व्होल्टेज पडत नाही म्हटलं तरी चालेल. क्लिप निसटतात, वायरी सोल्डरच करा.

आता खरा सापळा. सेल लावले, मीटरचं बटण बंद केलं, पण मीटरची पिन बोर्डातच राहिली. बऱ्याच मीटरमध्ये बॅटरीची मायनस बाजू चॅसिसला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, असते आणि चॅसिस त्या तीन पिनी वायरनं अर्थला. चांगल्या सोल्डरिंग स्टेशनच्या आयर्नचं टोकही अर्थलाच असतं. म्हणजे टोक प्लसला टेकलं की प्लस सरळ मायनसला जोडला गेला, सेल शॉर्ट. रेझिस्टन्समुळे करंट जेमतेम ३ मिलीअँपिअर, ठिणगी नाही, वास नाही, काही कळत नाही. पण सोल्डर वितळायला दोन-तीन सेकंद लागतात आणि रॅमला तेवढा वेळ पुरवठा नाही. माझ्या टेबलावर एका मीटरचे आकडे असेच गेले, ते अजून बोचतं. बटण बंद केल्यानं अर्थ तुटत नाही, पिन काढल्यावरच तुटते.

उलट दुकानात अर्थिंगच नसेल तर? दोन पिनी आयर्नच्या टोकावर लीकेज, म्हणजे मेन्समधून झिरपलेलं व्होल्टेज, येतं, तेही रॅमला घातक. दोन्हीला उपाय एकच. मीटरची पिन काढा, आयर्न पूर्ण तापू द्या, मग आयर्नचीही पिन काढा आणि तेवढ्या उष्णतेत एक जोड सोडवा. थंड झालं की पुन्हा तापवा. याला शॉर्टकट नाही.

वायरी लागल्या की जुनी बॅटरी उचलण्याआधी आणि उचलल्यावर रॅमकडच्या टोकांवर व्होल्टेज बघा. बहुतेक सीमॉस रॅम (अगदी कमी करंटवर डेटा टिकवणाऱ्या चिप) २ व्होल्टपर्यंत डेटा धरून ठेवतात, म्हणून ३ च्या आसपास दिसलं की निश्चिंत व्हा. हात थरथरत असतील तर थांबा, चहा घेऊन या, सेल आकडे सांभाळतात. नवी बॅटरी टॅबवाली (आधीच पत्र्याच्या पट्ट्या जोडलेली) घ्या, सेलच्या अंगावर थेट सोल्डर करू नका. जुनी २.९ व्होल्ट दाखवते म्हणून ठेवूही नका, लिथियम शेवटपर्यंत व्होल्टेज धरतो आणि मग एकदम घसरतो.

जमलं तर या सगळ्याआधी जीपीआयबीवरून (मीटर संगणकाला जोडायचं मागचं पोर्ट) आकडे संगणकावर उतरवून घ्या. आर्डुइनो या स्वस्त छोट्या कंट्रोलर बोर्डावर बनवलेला अडॅप्टर चालतो, महागडा लागत नाही. समोरच्या कॅल एनेबलच्या (कॅलिब्रेशन बदलू देणाऱ्या स्विचच्या) खाचेला मात्र स्क्रू ड्रायव्हर लावू नका.

टेक्ट्रॉनिक्स २४६५बी स्कोप (ऑसिलोस्कोप) हाती आला तर वेगळा विचार करा. त्यातल्या बऱ्याच स्कोपमध्ये डॅलस कंपनीची डीएस१२२५वाय मेमरी चिप असते आणि बॅटरी चिपच्या पोटातच असते, तिथं बाहेरच्या सेलची युक्ती चालत नाही. चिप जपून काढा, प्रोग्रामरवर (चिप वाचायच्या-लिहायच्या यंत्रावर) वाचून फाइल ठेवा आणि तीच नव्या चिपमध्ये लिहा.