आठ फूट भिंत आणि तीन फोटो

सामूहिक प्रदर्शनात तुमचे फोटो घेणार असं कळलं की आनंद करा, पण त्याच दिवशी संयोजकांना विचारा: माझ्या वाट्याला भिंत किती? मला ८ फूट मिळाली होती आणि मी सात फोटो काढून ठेवले होते.

मी शाळेत गणित शिकवते, म्हणून हिशेबच सांगते. फोटो आडवा, १२ बाय १८ इंच. भोवती २ इंचांचा माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, त्याबाहेर फ्रेमची १ इंचाची पट्टी. फ्रेमची रुंदी झाली २४ इंच. अशा तीन फ्रेम म्हणजे ७२. भिंत ९६ इंच, उरले २४. फ्रेममधल्या दोन मोकळ्या जागांना आठ-आठ, दोन्ही टोकांना चार-चार. चौथी फ्रेम घुसवली की तिन्हींचा श्वास कोंडतो.

आता सातातून तीन कसे निवडायचे? सगळ्यांच्या ४ बाय ६ च्या स्वस्त प्रिंट काढा आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर आठवडाभर चिकटवून ठेवा. येता-जाता नजर पडते. जो फोटो तिसऱ्या दिवशी दिसेनासा होतो, तो काढा. माझा रामकुंडावरच्या दिव्यांचा फोटो, ज्याचं सगळ्यांनी कौतुक केलं होतं, तोच आधी गळला. घाट, साधू, कबुतरं नाशकातल्या प्रत्येकाकडे असतात. २०१५च्या सिंहस्थाचे तर ढिगाने. भांडी बाजाराजवळ एक तांबट काम करतात, त्यांच्याकडे मी वर्षभर जात होते. त्यांचे तीन फोटो उरले. एकात नुसता हात आणि हातोडी, आणि हंड्याच्या पोटावर दारातून आलेला उजेड: प्रत्येक ठोक्याच्या खळग्यात त्याचा एक ठिपका.

प्रिंटच्या वेळी खरी मेहनत करा. १२ बाय १८ला इंचाला ३०० पिक्सेल धरले तर ५४०० बाय ३६०० लागतात. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून ६००० बाय ४००० मिळतात, म्हणजे भरपूर. व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेली फाइल मात्र कधीच देऊ नका, मूळ फाइल पेनड्राइव्हवर न्या. स्क्रीनचा प्रकाश निम्म्यावर आणून मगच फोटो उजळ-गडद करा. मी ते केलं नव्हतं आणि पहिल्या प्रिंटमध्ये तांबटकाकांचा चेहरा काळोखात बुडाला. म्हणून आधी फोटोची एक अरुंद पट्टी छापून घ्या आणि ती प्रदर्शनाच्या हॉलमधल्या दिव्यांखाली धरून बघा. तिथे छतावरून झोत पडत असेल तर कागद मॅटच, म्हणजे बिनचकाकीचाच घ्या.

माउंटमध्ये काटकसर नको. जागतिक छायाचित्रण दिन १९ ऑगस्टला, त्यामुळे बरीच प्रदर्शनं ऐन पावसाळ्यात येतात. फोटो थेट काचेला टेकला की दमट हवेत चिकटतो. माझा एक जुना फोटो असाच चिकटला होता. सोडवायला गेले तर फोटोतल्या दोन बोटांवरचा रंग काचेवरच राहिला. माउंटमुळे मध्ये फट राहते. पाठ कागदी टेपने बंद करून घ्या. रिक्षातून नेताना दोन फ्रेमच्या काचा समोरासमोर, मध्ये जुनी चादर, वरून प्लास्टिक.

टांगताना फ्रेमचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर ठेवा, बहुतेकांच्या नजरेला बरा पडतो. खिळा कुठे? माझी फ्रेम १८ इंच उंच, निम्मे ९. मागची तार ताणली की वरच्या कडेपासून ३ इंच खाली येते. ५८ अधिक ९ वजा ३, म्हणजे ६४ इंचांवर खिळा. सगळ्या खुणा पेन्सिलने आधी करा, मगच हातोडी उचला.

विक्रीला ठेवणार असाल तर प्रिंट, माउंट, फ्रेम यांचा खर्च आधी लिहून काढा, किंमत त्यावरून ठरवा.

फोटोखालच्या चिठ्ठीवर ‘स्पंदन’, ‘एकांत’ असली नावं नकोत. काय, कुठे, कोणत्या वर्षी, एवढं पुरतं. आणि ज्यांचा फोटो आहे त्यांना लावण्याबद्दल विचारा, चिठ्ठीचा मजकूरही छापण्याआधी त्यांना वाचून दाखवा. मी परवानगी घेतली होती, मजकूर दाखवला नव्हता. उद्घाटनाला तांबटकाका धुतलेला सदरा घालून आले, मधल्या फ्रेमसमोर बराच वेळ उभे राहिले. खाली मी लिहिलं होतं, ‘हंडा मठारताना’.

‘‘बाई, हे मठारणं नाही,’’ ते हळूच म्हणाले. ‘‘इथे मी अजून खोली काढतोय. मठारायचं, म्हणजे ठोके देऊन भांडं घट्ट करायचं, ते शेवटी.’’

चिठ्ठी मी त्याच संध्याकाळी बदलली. नवी हाताने लिहिली होती, काकांनी ती वाचली आणि मग आपल्या नातवाला फ्रेमजवळ बोलावलं.