हिमशिखराच्या वाटेवरून मागे कधी फिरायचं?

माथा समोर दिसतोय, दोन-तीनशे मीटरच उरलेत आणि हवाही अजून बरी आहे. चुकीचे निर्णय बहुतेक इथेच होतात. थकवा, थंडी आणि विरळ हवेने डोकं मंदावलेलं असतं, त्यामुळे "जायचं की फिरायचं?" असा मोकळा प्रश्न त्या वेळी स्वतःला विचारण्यात अर्थ नसतो. परतीच्या अटी आदल्या संध्याकाळी तंबूत बसून कागदावर लिहायच्या आणि दोरावरच्या प्रत्येकाला वाचून दाखवायच्या. वर गेल्यावर एवढंच बघायचं, की लिहिलेल्यापैकी काही घडलंय का.

घड्याळ

परतीची वेळ म्हणजे माथ्यावर पोचायची वेळ नव्हे. ती वाजली की असाल तिथून मागे. "दुपारी बारा" अशी गोल वेळ ठरवू नका, खालून उलटं मोजत या.

सुरुवात करायची ती उशीर सगळ्यात महाग पडेल अशा जागेपासून. बहुधा ती पूर्वेकडे तोंड असलेली घळ असते: ऊन लागलं की बर्फ मऊ होतो आणि वरचे दगड सुटायला लागतात. कधी ती जागा म्हणजे हिमनदीच्या भेगांवरचे बर्फाचे पूल असतात. समजा, परतताना ही घळ सकाळी दहाच्या आत मागे टाकायची आहे. माथ्यापासून घळीच्या पायथ्याला उतरायला दोन तास लागतात. अडचणींसाठी एक तास राखला, तर परतीची वेळ आली सात. आता चढाईचं बघू. कॅम्पपासून माथा १२०० मीटर वर आहे. कडक बर्फावर तासाला २५० मीटर उंची मिळाली तर चालण्याचे पाच तास, शिवाय थांबे आणि दोराची कामं मिळून एक तास. म्हणजे रात्री एकला कॅम्प सोडायला हवा. दोनला निघालात तर राखीव तास बूट चढवतानाच खर्च झाला.

निम्म्या उंचीवर, म्हणजे ६०० मीटरवर, या हिशोबाने पहाटे चारला असायला हवं. साडेचार वाजूनही ती खूण आली नसेल, तर पुढे वेग वाढेल या आशेवर जाऊ नका. उंचीबरोबर वेग घटतोच. उंचीमापकावर पहिल्या दोन तासांचा वेग मोजलात तर उत्तर बरंच आधी कळतं. तासाला १६० मीटरच मिळत असतील तर १२०० मीटरला साडेसात तास लागणार, तेही न थांबता. ताज्या बर्फात वाट फोडत जाताना तासाला १०० ते १५० मीटर हाच सर्वसाधारण वेग असतो. रात्री बर्फ पडला असेल तर निघण्याआधीच हिशोब नव्याने करा.

उतरायला चढाईच्या निम्मा ते दोन-तृतीयांश वेळ धरायचा. डोंगराकडे तोंड आणि दरीकडे पाठ करून, एकेक पाऊल खाली टाकत उतरावं लागणार असेल तर चढाईइतकाच.

१० मे १९९६ रोजी एव्हरेस्टवर अनेकजण दुपारी दोननंतर माथ्यावर पोचले. वादळ आलं तेव्हा ते अजून खूप वर होते. त्या दोन दिवसांत डोंगराच्या दोन्ही बाजू मिळून आठ जणांचा मृत्यू झाला.

पायाखालचा बर्फ

रात्र निरभ्र असेल तर बर्फाचा पृष्ठभाग उष्णता आकाशात सोडून घट्ट गोठतो. ढगाळ रात्री ती उष्णता अडते आणि वर नुसती पातळ पापडी धरते. त्यामुळे हवेचं तापमान बघून "रात्री गोठलं असेल" असं गृहीत धरू नका, पहाटे पाऊल टाकून बघा. क्रॅम्पॉनचे (बुटाखाली बांधायच्या दातेरी पट्ट्यांचे) फक्त दात रुतत असतील तर उत्तम. बूट घोट्यापर्यंत जात असेल तर परतीची वेळ तासभर अलीकडे आणा. पापडी फुटून पाय पोटरीपर्यंत ओल्या बर्फात जात असेल तर त्या उताराची चढाई तिथेच संपली, कारण ऊन यायच्या आधीच त्याची ही अवस्था आहे. (कोरड्या, थंड, नव्या बर्फातही पाय खोल जातो. तो प्रश्न निराळा. तिथे काळजी खालच्या थराची.)

बर्फाचा अख्खा थर एकदम सुटून होणारी, म्हणजे स्लॅब प्रकारची हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. नेमके हेच उतार चढायला सोयीचे वाटतात. डोळ्यांचा अंदाज इथे दगा देतो. कोनमापक किंवा फोनमधलं कोन मोजणारं ॲप उताराच्या दिशेने टेकवलेल्या काठीवर ठेवून मोजा. तीव्र उतारावर जायच्या आधी आणि त्याच्या खालून जाण्याआधीही पुढच्या तीन गोष्टी तपासा. यांतली एक जरी दिसली, तरी चर्चा नको:

- आसपासच्या, त्याच दिशेला तोंड असलेल्या उतारावर ताजं हिमस्खलन झालेलं आहे.
- पाऊल टाकल्यावर "धप्प" असा आवाज येऊन बर्फ खाली बसतो. खालचा कमकुवत थर कोसळल्याचा तो आवाज असतो. सपाटीवर ऐकू आला तरी वरचा उतार त्याने सुटू शकतो.
- पावलापासून भेग सुटून पुढे पळत जाते.

बाकीच्या खुणा एकत्र तोलायच्या: २४ तासांत ३० सेंटीमीटर किंवा जास्त नवा बर्फ, पाऊस, तापमानात एकाएकी वाढ, आणि वारा. वाऱ्याकडे लोक हमखास दुर्लक्ष करतात. आकाश निळं असतानाही वारा धारेच्या एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या, आडोशाच्या बाजूला रचत असतो. काही तासांत तिथे जाड, ताठ स्लॅब तयार होतो. त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि मंद असतो, काठी आपटली की पोकळ आवाज येतो. धारेवरून बर्फाचे लोट उडताना दिसले तर आडोशाची बाजू त्या दिवसापुरती सोडा. उतारावर आधीच्या टीमच्या पावलखुणा आहेत म्हणून तो सुरक्षित ठरत नाही. कमकुवत जागी दहावा माणूसही पहिला पाय देऊ शकतो. गाडलेला माणूस जिवंत निघण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते. म्हणजे बाहेरची मदत बहुधा उशिरा पोचणार, आणि जे काही करायचं ते सोबत्यांनी आपल्याच ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा माग काढणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावड्याने.

शंकेच्या उतारावरून परतताना गर्दी करून वळू नका. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढा, आपल्याच पावलांवर सरळ मागे या, एका वेळी एकच जण. बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवायची.

धारेवर धुकं दाटलं तर कॉर्निसचा धोका वाढतो. वाऱ्याच्या आडोशाकडे झुकलेला हा बर्फाचा सज्जा वरून ओळखू येत नाही, आणि तुटतो तो काठापासून वाटतं त्यापेक्षा बराच आतून. चढताना दर ५० मीटरवर, म्हणजे साधारण एका दोराच्या लांबीवर, झेंडीची काठी रोवत जा. एका काठीपासून मागची काठी दिसेनाशी झाली की ती परतीची खूण समजा.

हवा

कॅम्पवर रात्री हवेच्या दाबावर चालणाऱ्या उंचीमापकाचा आकडा लिहून ठेवा. जागचे हलला नसताना सकाळी तो ४० मीटरने वाढला असेल तर हवेचा दाब उतरलाय. ४००० मीटरच्या आसपास हा फरक साधारण तीन हेक्टोपास्कलचा होतो. त्यात वाऱ्याची दिशा बदलत असेल आणि शिखरांवर भिंगाच्या आकाराचे ढग बसले असतील, तर वादळ येईल असं धरून चाला.

थंडीचा हिशोब वाऱ्यासकट करायचा. उणे १० अंश आणि ताशी ४० किलोमीटर वारा असेल तर उघड्या त्वचेला उणे २१ इतकं वाटतं. उणे १५ आणि ताशी ५० असेल तर उणे २९, म्हणजे उघडी कातडी अर्ध्या तासाच्या आत गोठू शकते. गडगडाट ऐकू आला, किंवा आइस ॲक्समधून (बर्फाच्या कुऱ्हाडीतून) गुणगुण येऊ लागली आणि केस ताठ झाले, तर ताबडतोब धार सोडा.

शरीर आणि दोरावरची माणसं

उंचीवर डोकं दुखत असेल आणि सोबत मळमळ, चक्कर किंवा नेहमीपेक्षा वेगळा थकवा असेल, तर वर जायचं नाही. दोन लक्षणांना मात्र थांबून बघण्याचीही सवलत नाही. पहिलं म्हणजे तोल जाणं. सपाट जागी एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवत सरळ रेषेत चालायला सांगा. निरोगी माणसाला जमतं आणि आजाऱ्याला जमत नाही, तेव्हा मेंदूला सूज येत असल्याची शक्यता असते. दुसरं म्हणजे बसल्या जागी धाप लागणं आणि खोकला. हे फुप्फुसात पाणी होत असल्याचं लक्षण आहे. दोन्हींत उपाय एकच: रात्र असली तरी उतरणं. ३०० ते १००० मीटर खाली आल्यावर बहुधा फरक पडतो. औषधं आणि ऑक्सिजन उतरण्यासाठी वेळ मिळवून देतात, उतरण्याऐवजी चालत नाहीत.

थंडीची सोपी चाचणी आहे. अंगठा करंगळीला टेकवून दाखवायला सांगा. जमत नसेल तर तो माणूस कॅराबिनरही (दोर अडकवायची धातूची कडी) नीट लावू शकणार नाही. जीभ जड होणं, विनाकारण चिडणं, बारीकसारीक गोष्टींत धडपडणं ही शरीर गार पडत असल्याची खूण. पायाची बोटं हलवूनही बधिर राहत असतील तर "माथ्यावर जाऊन बघू" म्हणू नका, माथ्यावर वारा जास्तच असतो. बोटं गोठलीच असतील तर वाटेत ऊब देऊन सोडवू नका. ती पुन्हा गोठली तर नुकसान कितीतरी अधिक. तसंच चालत खाली आणा.

निर्णय घेताना सगळ्यात नवख्याला आधी विचारायचं, नेत्याने शेवटी बोलायचं. नेता आधी बोलला की बाकीचे होला हो करतात. कुणीही "मला फिरायचंय" म्हटलं तर कारण न मागता ते मान्य करायचं, असं आधीच ठरलेलं असावं. आजारी सोबत्याला "तू इथे बस, येताना घेऊ" हा प्रकार आम्हाला कुठल्याच परिस्थितीत मान्य नाही. बसलेला माणूस झपाट्याने गार पडतो, आणि परतीची वाट तीच राहील याची खात्री नसते. हिमनदीवर तिघांच्या दोरातला एक फिरला तर तिघेही फिरणार.

फिरल्यावर

आधी पाच मिनिटं थांबा. खा, पाणी प्या, जाड जाकीट चढवा, हेडलॅम्प तपासा. चढाईच्या दिशेत १८० अंश मिळवून किंवा वजा करून परतीची दिशा होकायंत्रावर लावून ठेवा. उतरताना सर्वात अनुभवी माणूस शेवटी, म्हणजे वरून दोर सांभाळायला तो असतो. क्रॅम्पॉनखाली ओल्या बर्फाचा गोळा साचत असेल तर दर पावलाला आइस ॲक्सच्या दांड्याने ठोकून पाडा. क्रॅम्पॉन घालून बर्फावर बसून घसरत जाऊ नका. दात अडकले की घोटा मोडतो.

तीव्र बर्फावरून दोराने उतरायचं तर सामान मागे सोडायची तयारी ठेवा. पक्क्या निळसर बर्फात २२ सेंटीमीटरच्या आइस स्क्रूने (बर्फात फिरवून बसवायच्या पोकळ स्क्रूने) साधारण २० सेंटीमीटर अंतरावर दोन तिरकी भोकं आत एकमेकांना मिळतील अशी पाडा आणि त्यातून ७ मिलिमीटरची दोरी ओवून बांधा. शेवटचा सोडून सगळे उतरेपर्यंत आधाराला एक जादा स्क्रू लावलेला असू द्या. दीड मीटर लांबीचे असे तीन-चार तुकडे आणि ते भोकातून ओढून घ्यायचा हुक सॅकमध्ये नसेल, तर तीव्र बर्फाच्या मार्गावर निघूच नये.

दुसरा प्रयत्न करायचा की नाही, हे फिरण्याच्या कारणावर ठरतं. उशीर झाला म्हणून फिरला असाल तर एक दिवस विश्रांती घेऊन दोन तास आधी निघता येईल. स्लॅबमुळे फिरला असाल तर नवा बर्फ बसायला किमान एक-दोन दिवस द्या. खालचा थर कमकुवत असेल तर तेवढ्यानेही भागत नाही, तेव्हा उताराची दिशाच बदला. उंचीचा त्रास झालेला माणूस औषध न घेता पूर्ण बरा वाटेपर्यंत पुन्हा वर जाणार नाही.