गोव्याहून गुलमर्ग: चार दिवसांत स्कीइंग कसे जमवावे

गोव्यातून स्कीइंगला जायचे तर नुसता शनिवार-रविवार पुरत नाही. शुक्रवार आणि सोमवार जोडून चार दिवस काढले, तर बर्फावर दोन पूर्ण दिवस मिळतात. तीन दिवसांत एकच मिळतो आणि तो स्कीवर नीट उभे राहण्यातच संपतो. तेवढ्यासाठी विमानाचा खर्च करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पुढची सगळी तयारी हे दोन दिवस हातचे जाऊ नयेत यासाठीच.

चार दिवसांत जमणारे ठिकाण गुलमर्गच. औलीसाठी डेहराडूनहून जोशीमठपर्यंत अख्खा दिवस घाटात जातो. मनालीजवळच्या सोलंगला दिल्लीहून रात्रभराची बस, आणि जवळच्या भुंतर विमानतळाची छोटी विमाने हवा बिघडली की रद्द होतात. गुलमर्ग श्रीनगर विमानतळापासून साधारण ५५ किलोमीटरवर आहे.

जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीची अखेर हा बर्फाचा भरवशाचा काळ. नाताळच्या सुट्टीत खोल्या महाग असतात आणि बर्फ अनेकदा पातळ. भरवशाच्या काळातही दगा होतो. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळजवळ कोरडे होते. म्हणून खोली रद्द करता येईल अशीच घ्या. २६ जानेवारी सोमवारी किंवा शुक्रवारी आली की मोह होतो, पण त्या सुमारास काश्मीरमध्ये तपासणी कडक असते. प्रवासाला वाढीव वेळ धरा.

विमान आणि रस्ता

मोपा असो वा दाबोळी, मध्ये एकदा विमान बदलावे लागेल असे धरून चाला. जानेवारीत दिल्लीला सकाळी धुके असते, म्हणून जमल्यास मुंबईमार्गे जा. श्रीनगरलाही सकाळी धुके पडते; दुपारच्या सुमारास उतरणारे विमान बरे. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर काढा. वेगवेगळी तिकिटे काढली आणि पहिले विमान उशिरा आले, तर दुसऱ्याचे पैसे बुडतात. परतताना श्रीनगर विमानतळावर तीन तास आधी पोहोचा, कारण सामानाची तपासणी टर्मिनलच्या बरीच आधी सुरू होते. मंगळवारी अजिबात चुकवता येणार नाही असे काम ठेवू नका. बर्फ पडला की विमाने रद्द होतात.

बाहेरच्या राज्यातले प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. गटात निदान दोघांकडे पोस्टपेड असावे, आणि तिकिटे, हॉटेलचा पत्ता, गाडीवाल्याचा नंबर कागदावर लिहिलेला असावा. रोकडही जवळ ठेवा.

टंगमर्गपासून शेवटचे १३ किलोमीटर चढाचे आहेत. ताजा बर्फ असेल तर साधी टॅक्सी तिथेच थांबते आणि पुढे चाकांना साखळ्या लावलेली किंवा चारही चाकांना जोर असलेली स्थानिक गाडी घ्यावी लागते. हे भाडे वेगळे असते, ते आधीच विचारून घ्या. अंधार पडायच्या आत टंगमर्ग सोडा. संध्याकाळी रस्त्यावरचे पाणी गोठते.

घरी करायची तयारी

निदान चार आठवडे आधी मांड्यांना कामाला लावा. स्की करताना माणूस सतत अर्धवट वाकलेला असतो, त्यामुळे आधी मांड्या थकतात. मांड्या थकल्या की वजन मागे जाते आणि तिथूनच पडणे सुरू होते. पाठ भिंतीला टेकवून खुर्चीत बसल्यासारखे ३० सेकंद थांबा, असे चार वेळा. दर आठवड्याला १० सेकंद वाढवा. जोडीला आल्तिनोसारखा एखादा चढ चढा आणि मुद्दाम सावकाश उतरा. मिरामारच्या सपाट वाळूत चालणे चांगलेच, पण उतरणीचा सराव त्यात होत नाही.

आणखी एक काम: तळव्याची लांबी सेंटीमीटरमध्ये मोजून ठेवा. टाच भिंतीला लावून अंगठ्याच्या टोकापर्यंत. स्कीच्या बुटांचे माप याच आकड्यावर चालते.

कपाटात दोन-तीन वर्षे पडून असलेले ट्रेकिंगचे बूट नेऊ नका. आपल्या दमट हवेत त्यांच्या तळातला फोम आतून कुजतो. वरून बूट नवा दिसतो आणि बर्फात तासाभरात तळवा सुटतो. तळ जोरात वाकवून पाहा. चीर दिसली की तो बाद.

कपड्यांचे तीन थर लागतात: अंगालगत लोकरीचे किंवा पॉलिएस्टरचे थर्मल, त्यावर फ्लीस, वर पाणी न शिरणारे जाकीट आणि पँट. सुती बनियन, सुती मोजे आणि जीन्स घरीच ठेवा. सुती कापड घाम धरून ठेवते आणि तोच घाम लिफ्टच्या रांगेत गारठवतो. मोजे पातळ आणि लांब घ्या, एका वेळी एकच जोड. दोन जोड घातले की रक्तप्रवाह दबतो आणि पाय उलट जास्त गार पडतात. चेहऱ्याला ५० एसपीएफचे क्रीम, ओठांनाही काहीतरी. ताजा बर्फ अतिनील किरणे ८० टक्क्यांपर्यंत परतवतो, त्यामुळे हनुवटी आणि नाकाचा खालचा भागही भाजतो.

बूट: इथे घाई नको

भाड्याच्या दुकानात अर्धा तास गेला तरी चालेल. बुटात फक्त मोजा जातो. थर्मलची पँट वरच राहू द्या, नाहीतर तिची घडी नडगीवर वळ उठवते. टाच जमिनीवर आपटून मागे बसवा, मग बकल लावा. ताठ उभे राहिल्यावर बोटे पुढे टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवल्यावर किंचित सुटली पाहिजेत. टाच आत उचलत असेल तर बूट मोठा आहे. नवशिके नेहमी आरामशीर वाटणारा मोठा बूट निवडतात. मग पाय वळतो, स्की वळत नाही.

नवशिक्यासाठी स्की उभी धरल्यावर हनुवटी ते नाक एवढी उंच असावी. दुकानदाराला वजन खरे सांगा. बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी पकड) किती जोराने सुटायचे हे वजन, उंची, वय आणि अनुभव पाहून ठरते. फार घट्ट बसवले तर पडताना स्की सुटत नाही आणि गुडघा पिळला जातो. भाडे ठरवताना साहित्याचे आणि शिक्षकाचे पैसे वेगवेगळे विचारा, आणि शिक्षकाकडे एका वेळी किती जण असतील तेही.

बर्फावर पहिला दिवस

बुटाच्या तळाचा बर्फ पोलने (हातातल्या स्कीच्या काठीने) खरवडा, मग आधी पुढचे टोक, नंतर टाच दाबा. तळाला बर्फ राहिला तर बाइंडिंग बसल्यासारखे वाटते आणि पहिल्याच वळणावर सुटते.

थांबायला स्नोप्लाऊ शिकतात: स्कीची पुढची टोके जवळ, मागची लांब, आणि टाचा बाहेर ढकलायच्या. नडगी बुटाच्या जिभेवर टेकलेली हवी. उताराची भीती वाटली की माणूस मागे झुकतो; मग स्कीचे पुढचे टोक हलके होते, ताबा जातो आणि वेग वाढतो. डावीकडे वळायचे तर उजव्या स्कीवर वजन द्या. नजर स्कीच्या टोकावर नको, जिथे जायचे तिथे ठेवा.

पडणार हे दिसले की बाजूला, वरच्या उताराकडे पडा. हातातला पोल सोडून द्या. तो मुठीत राहिला तर अंगठ्याचा सांधा दुखावतो. उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या आणि अंगाच्या खालच्या बाजूला आणा. उताराच्या दिशेने ठेवून उठाल तर उठता उठताच घसराल.

दुपारी तीनच्या सुमारास थांबा. पाय थकलेले असतात, उजेड सपाट होतो आणि खड्डे दिसत नाहीत. दुखापती या वेळी जास्त होतात.

गोंडोला

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे. गोंडोलाचा (केबल कारचा) पहिला टप्पा कोंगडूरीला, दुसरा अफरवट डोंगरावर जवळजवळ ३,९८० मीटरवर. तिकीट घरूनच ऑनलाइन काढा. समुद्रसपाटीवरून आलेल्यांनी पहिल्या दिवशी दुसरा टप्पा टाळावा, भरपूर पाणी प्यावे आणि पहिल्या रात्री दारू घेऊ नये. डोकेदुखीबरोबर उलट्या होऊ लागल्या तर खाली उतरणे हाच उपाय.

अफरवटचे उतार नवशिक्यांचे नाहीत. तिथे हिमस्खलन होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोलिश स्कीअर त्यात गेले. अनुभवी असाल तरी आखलेल्या हद्दीबाहेर स्थानिक गाइडशिवाय जाऊ नका, आणि प्रत्येकाकडे ट्रान्ससीव्हर (गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारे रेडिओयंत्र), फावडे आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) हवेच. गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या १० ते १५ मिनिटांत बाहेर काढावे लागते. तेवढ्या वेळात मदत येत नाही. सोबतच्यांनीच खणायचे असते.

परतल्यावर

वर्षातून एकदाच जाणार असाल तर जाकीट-पँटही भाड्याने घ्या. विकत घेतलेच तर पूर्ण वाळवून, शक्यतो हवा खेळती राहील अशा ठिकाणी टांगून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेल्या जाकिटाला पावसाळ्यात बुरशी येते आणि आतला पाणीरोधक थर पापुद्र्यांसारखा सुटतो. गॉगलची काच कापडाने घासू नका, आतून तर अजिबात नाही. धुके न धरणारा लेप निघून जातो.