व्हेनिसमध्ये हॉटेल निवडताना या चुका टाळा

हॉटेल बुक करताना आपण सहसा दर, रेटिंग आणि मुख्य चौकापासूनचं अंतर बघतो. पॅरिस-रोमला तेवढ्यावर भागतं. व्हेनिसमध्ये भागत नाही, कारण तिथे गाडी हॉटेलच्या दारात येतच नाही. बस आणि मोटारी शहराच्या कडेला, पियाझ्झाले रोमा या चौकात थांबतात, रेल्वे सांता लुचिया स्टेशनात संपते. तिथून पुढे बोट, नाहीतर आपले पाय. शहरात चारशेहून जास्त पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत. त्यामुळे बुकिंगआधी पहिला प्रश्न हाच हवा: शेवटच्या बोटथांब्यापासून खोलीच्या दारापर्यंत बॅगा घेऊन कसं जायचं?

नकाशावरचं सरळ अंतर खरं मानणं

शहराच्या मधोमध वळसे घेत जाणाऱ्या ग्रँड कॅनॉलवर पूल फक्त चार आहेत: स्काल्झी, रियाल्तो, आक्कादेमिया आणि 2008 साली झालेला कॉन्स्तितुझिओने. सालुते चर्चजवळचं हॉटेल नकाशावर सान मार्को या मुख्य चौकाच्या अगदी समोर दिसतं, मधे फक्त पाण्याचा पट्टा. पण चालत जायचं तर आक्कादेमिया पुलापर्यंत मागे येऊन पलीकडच्या काठाने पुन्हा पुढे जावं लागतं. ‘सान मार्कोपासून 400 मीटर’ असं लिहिलेलं दिसलं, तर चालण्याचा मार्ग उघडून बघा आणि वाटेत किती पूल लागतात ते मोजा. बॅगा घेऊन चालताना मीटरपेक्षा पूलच जास्त दमवतात.

पत्त्यावर विसंबणं

व्हेनिसचे सहा विभाग आहेत: सान मार्को, कान्नारेजो, कास्तेल्लो, दोर्सोदुरो, सान पोलो आणि सांता क्रोचे. घरांचे क्रमांक गल्लीनुसार नसून अख्ख्या विभागाला सलग दिलेले आहेत, म्हणून कास्तेल्लोत सहा हजारांच्या वरचे क्रमांक सापडतात. शिवाय एकाच नावाची गल्ली दोन-तीन विभागांत असू शकते. नुसता ‘कास्तेल्लो’ आणि चार आकडे हातात असतील तर रात्री दहा वाजता कुणालाही रस्ता नीट सांगता येत नाही, आणि उंच भिंतींमधल्या अरुंद गल्ल्यांत फोनवरचा निळा ठिपकाही भरकटतो. हॉटेलला आधीच मेल करून तीन गोष्टी मागून घ्या: वापोरेत्तोचा, म्हणजे सार्वजनिक बोटीचा जवळचा थांबा, जवळचं चर्च किंवा चौक, आणि थांब्यापासून दारापर्यंतची वाट. चांगलं हॉटेल हे फोटोंसकट पाठवतं.

बॅगा आणि गुडघे यांचा विचार न करणं

आई-बाबांना घेऊन जाणार असाल तर हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. ‘लिफ्ट आहे’ एवढं वाचून समाधान मानू नका. जुन्या वाड्यांमध्ये लिफ्ट बसवायला जागा नसते, बसवलीच तर ती दुसऱ्या मजल्यापासून सुरू होते किंवा एका वेळी दोनच माणसं मावतात. त्यातून बरीच हॉटेलं स्वस्त खोल्या मुख्य इमारतीत न देता शेजारच्या गल्लीतल्या दुसऱ्या इमारतीत देतात. तिला ‘डिपेन्डन्स’ म्हणतात आणि लिफ्ट बहुधा तिथे नसते. म्हणून थेट विचारा: आमची खोली मुख्य इमारतीत आहे का, कितव्या मजल्यावर आहे, रस्त्यापासून खोलीपर्यंत एकूण किती पायऱ्या आहेत? इटलीत ‘पहिला मजला’ म्हणजे तळमजल्याच्या वरचा, हे आपल्यासारखंच. पण जुन्या इमारतींचे मजले उंच असल्याने जिना लांबतो.

जागा निवडताना काही भाग खरोखर सोपे पडतात. सांता लुचिया स्टेशनातून बाहेर पडून डावीकडे लिस्ता दी स्पान्या या रस्त्याने निघालात, तर सान जेरेमिया चौकापर्यंत एकही पूल लागत नाही. हा रस्ता दुकानांनी गजबजलेला आहे, देखणा नाही, पण एकाच रात्रीसाठी आणि पहाटेच्या ट्रेनसाठी मी तोच सुचवेन. दोन-तीन रात्री असतील तर कास्तेल्लोतला व्हिया गारिबाल्दीचा परिसर बघा. कालवा बुजवून केलेला हा रस्ता रुंद आणि सपाट आहे, आणि जार्दीनी थांब्यावर उतरून बागेतल्या वाटेने बॅगा ओढत आरामात पोहोचता येतं. संध्याकाळी इथे शाळकरी मुलं खेळत असतात, आजीबाई बाकावर बसलेल्या असतात. जुनं व्हेनिस ज्या बेटांवर वसलं आहे, तिथली कायमची वस्ती आता पन्नास हजारांच्या खाली गेली आहे. तिथे जी माणसं उरली आहेत, त्यांचं शहर अशा रस्त्यांवर दिसतं.

वापोरेत्तोच्या एका तिकिटावर एकच मोठी बॅग चालते, हेही ध्यानात ठेवा.

मेस्त्रेला व्हेनिस समजणं

मेस्त्रे हा महानगरपालिकेच्या हद्दीतलाच, पण मुख्य भूमीवरचा भाग. दर कमी, लिफ्ट मोठ्या, गाडी दारात, आणि ट्रेनने सांता लुचिया दहा-बारा मिनिटांवर. बजेट खरंच कमी असेल तर मेस्त्रे स्टेशनपासून चालत जाता येईल असंच हॉटेल घ्या. बसवर अवलंबून राहावं लागलं तर पैसे वाचतात, पण वेळ जातो. तरीही माझं मत स्पष्ट आहे: एक रात्र का होईना, बेटावर राहा. दिवसाचे पर्यटक संध्याकाळी परततात. त्यानंतरचं आणि सकाळी सातच्या आधीचं व्हेनिस मेस्त्रेला राहणाऱ्याच्या वाट्याला क्वचितच येतं.

ट्रेनचं तिकीट काढताना स्टेशनाचं नाव तपासा. ‘व्हेनेझिया मेस्त्रे’ आणि ‘व्हेनेझिया सांता लुचिया’ ही दोन वेगळी स्टेशनं आहेत, आणि काही गाड्या मेस्त्रेवरूनच दुसरीकडे वळतात.

कालव्याकडची खोली डोळे झाकून घेणं

कालव्याकडच्या खोलीला जादा पैसे पडतात. दृश्य सुंदर असतंच. पण सामान आणि कचरा वाहणाऱ्या बोटी पहाटेपासून सुरू होतात, आणि उन्हाळ्यात खिडकी उघडी ठेवली की डास येतात. झोप हलकी असेल तर आतल्या अंगणाकडची खोली मागा.

ऑक्टोबर ते मार्चमध्ये जाणार असाल तर भरतीचं पाणीही लक्षात घ्या. 12 नोव्हेंबर 2019 ला भरतीची पातळी (रस्त्यावरची खोली नव्हे, तर समुद्राच्या ठरलेल्या पातळीपासूनची उंची) 187 सेंटिमीटरपर्यंत चढली होती. ऑक्टोबर 2020 पासून मोझे नावाचे समुद्री दरवाजे भरती अडवतात, पण ते साधारणपणे 110 सेंटिमीटरच्या अंदाजालाच उचलले जातात. सान मार्को चौक सखल असल्याने तिथे त्याआधीच पाणी येतं. या दिवसांत तळमजल्याची खोली नको.

दराबाहेरचे पैसे न धरणं

निवास-कर माणशी, दर रात्री, जास्तीत जास्त पाच रात्रींपर्यंत लागतो आणि तो बहुधा हॉटेलातच भरावा लागतो. दहा वर्षांखालच्या मुलांना माफ आहे. 2024 पासून ठरावीक दिवशी शहरात येण्याचं शुल्कही आहे. व्हेनिसच्या हद्दीत, म्हणजे मेस्त्रेतही, मुक्काम असणाऱ्यांना ते माफ आहे, पण त्या सवलतीची ऑनलाइन नोंद करून कोड घ्यावा लागतो. पादोव्हा किंवा त्रेव्हिझोला राहून फिरायला येणाऱ्या पर्यटकाला मात्र ते भरावं लागतं. स्वयंपाकघर असलेला फ्लॅट घेत असाल तर जाहिरातीत सीआयएन हा राष्ट्रीय नोंदणी क्रमांक आहे का बघा, आणि कचरा कधी, कुठे द्यायचा तेही विचारून ठेवा.

बुकिंग झाल्यावर चूक लक्षात आली तर

व्हिसासाठी केलेलं बुकिंग फुकट रद्द होण्याची शेवटची तारीख कॅलेंडरवर टाका. व्हिसा हातात आला की त्या तारखेच्या आत शांतपणे दुसरं हॉटेल शोधता येतं. रद्द होत नसेल तर हॉटेललाच लिहा: सोबत वयस्कर माणसं आहेत, मुख्य इमारतीत खालच्या मजल्यावर खोली मिळेल का? थोडा फरक भरून बरेचदा काम होतं. तेही जमलं नाही तर मोठ्या बॅगा स्टेशनच्या सामानघरात ठेवा आणि दोन दिवसांचे कपडे पाठीवरच्या सॅकमध्ये घेऊन जा. स्टेशनजवळ आणि पियाझ्झाले रोमाला हमालही मिळतात. दर नगावर ठरतो, तो आधी विचारून घ्या.